धक्का सुस्थितीत आहे

आधी आवाज येतो. हलतं ते नंतर. हे मला कुणी शिकवलं नाही. कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या वर आमचं गाव. तिथं पोर रांगायला लागतं तेव्हाच त्याला हे कळतं. भुईच्या पोटातून घुं करून काहीतरी येतं, मांडणीवरची भांडी एकमेकींच्या कानाला लागतात आणि मग पायाखाली असं सरकतं, जशी बसलेली म्हैस अंगावरची माशी उडवते. आई चुलीपुढून उठायचीसुद्धा नाही. "आली, गेली," म्हणायची आणि भाकरी उलटायची.

म्हणून सांगते, त्या मंगळवारी दुपारी बारा चाळीसला जे झालं ती चक्कर नव्हती. उपास नव्हता, बीपी नव्हतं, चाळिशी नव्हती. ही सगळी नावं मला नंतर लोकांनी सुचवली. नवऱ्यानंही सुचवलं त्यातलं एक.

भुईगावच्या पुढं, केळीच्या वाड्यांमधून जाणारी एक चिंचोळी वाट तळ्याच्या आळीत उतरते. तिथं माझी अंगणवाडी. एक खोली. पुढं दार, मागं खिडकी, खिडकीवर काँक्रीटचा माळा आणि माळ्यावर आहाराची पोती. पटावर सतरा पोरं. खिचडी खाऊन झाली की सतरंज्या पडतात आणि मी गाणं म्हणते. काय म्हणते ते तेव्हाचं तेव्हा सुचतं. त्या दिवशी हे सुचलं होतं:

भुई बाय गं निजली, तिच्या कुशीत लेकरं
वाऱ्या, हळूच तू जा रे, केळीआड पाखरं.

सतराही निजली. कुणाचं तोंड उघडं, कुणाची मूठ शेजारच्याच्या शर्टात. मी मधे उभी होते, हातात हजेरीचं पुस्तक.

घुं आलं.

मांडून ठेवलेली स्टीलची ताटं किणकिणली. पाण्याच्या पिंपात वर्तुळं उठली. मग भुई सरकली. एकदा. थांबली. परत एकदा, जरा जोरात. मागच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली जमिनीपर्यंत एक रेघ निघाली, माझ्या डोळ्यांदेखत निघाली, आणि चुन्याची भुकटी भिंतीशी निजलेल्या शेल्डनच्या केसांवर पडली.

तीन सेकंद असतील. चार.

आणि मी काय केलं? मी हात पुढे केले आणि थांबले. हात दोन. पोरं सतरा. पहिलं कुणाला उचलू? दाराजवळचं उचलू की भिंतीजवळचं? लहान की जड? ते ठरेपर्यंत सगळं थांबलं होतं. मी कुणालाच उचललं नव्हतं. हजेरीचं पुस्तक मात्र छातीशी घट्ट धरलं होतं.

एकही पोर उठलं नाही. शेल्डननं झोपेत नाक खाजवलं.

"चंद्रकांतामावशी!" मी ओरडले. माझी मदतनीस. बाहेर मोरीवर पातेलं घासत होती. या आळीतलीच, पानवेलीच्या वाडीवाल्या घरातली.

"काय झालं ओ बाई?"

"हललं! तुम्हाला कळलं नाही?"

"मी पातेलं घासते, बाई. माझं सगळं अंगच हलतं." मग आत आली, भिंत पाहिली, आणि तिचा चिंधी धरलेला हात खाली आला. "ही रेघ सकाळी नव्हती."

"नव्हती."

"मग मी कशी काय..." असं म्हणत तिनं रेघेवरून बोट फिरवलं.

आळीत विचारलं. आळी जेवून पडली होती. दुपारी एकच्या सुमाराला तळ्याची आळी मेल्यासारखी झोपते. पहाटे फुलं तोडणारी, केळी भरणारी माणसं, त्यांनी तरी का जागं राहावं? हरेश्वरभाऊ पडवीत पडले होते, ते म्हणाले, "मला वाटलं खाट कुत्र्यानं हलवली. मी त्याला शिवी घातली." त्यांची सून हसली. "तुम्ही तिकडच्या ना बाई, कोयनेकडच्या. तुम्हाला सगळीकडं तेच दिसायचं." सगळे हसले. त्यातल्या तिघांची नातवंडं माझ्या भिंतीखाली निजत होती.

संध्याकाळी मोबाईलवर दोन ओळी आल्या. पालघर जिल्ह्यात भूकंपाचा सौम्य धक्का, जीवितहानी नाही. मी त्या ओळी हरेश्वरभाऊंना दाखवल्या. ते म्हणाले, "सौम्य लिहिलंय ना? मग झालं."

तो शब्द तेव्हापासून माझ्या दाताखाली आहे. सौम्य. जाईजुईचा वास सौम्य असतो. माझ्या सतरा पोरांच्या डोक्यावरची भिंत फुटली तेही सौम्य.

अर्ज मी त्याच रात्री लिहिला. विषय: भूकंपामुळे अंगणवाडीच्या भिंतीस पडलेल्या तड्याबाबत. सकाळी चंद्रकांतामावशीला वाचून दाखवला. ती ओठ चावत म्हणाली, "बाई, भूकंप नका लिहू. मोठा शब्द आहे. कचेरीत हसतील, पोरांच्या आया घाबरतील. मोबाईलवर काय आलंय? धक्का ना? धक्का लिहा."

मला पटलं. मला पटलं, याचाच राग सगळ्यात जास्त आहे. मी बायकांच्या सवयीनं वागले: आपलं दुखणं सांगायचं, पण एक बोट कमी करून सांगायचं. भूकंप खोडला, ओळीत मावेना म्हणून 'अंगणवाडीच्या' हा शब्दही गाळला, आणि लिहिलं: 'धक्क्यामुळे भिंतीस पडलेल्या तड्याबाबत. मौजे तळ्याची आळी, समुद्रकिनारा रस्ता.'

शेजारच्या रिटाबायची ओटी मोठी, दगडी जोत्याची. शेल्डन तिचा नातू. ती पहिल्या दिवशीच म्हणाली, "टीचर, आन की पोरांना माझ्याकडं. मी कुठं ओटीवर नाचते दिवसभर?" पण सुपरवायझर बाईंनी फोनवर सांगितलं, "आहार नोंदणीच्या जागेवरच शिजला पाहिजे. जागा धोकादायक आहे असा इंजिनियरचा कागद आणा, मग हलवा. कागदाशिवाय हलवलं तर आहार बंद होईल." पटावरची सात पोरं वाडीवर मजुरीला येणाऱ्या बायांची आहेत. त्यांचं दुपारचं जेवण म्हणजे ही खिचडी. ती बंद करून मी कुणाला वाचवणार होते?

मग मी सतरंज्या दाराकडं ओढल्या. खोली केवढी? कितीही ओढा, पाच डोकी मागच्या भिंतीकडं जायचीच. त्यात शेल्डन, कारण तो आडवातिडवा लोळतो आणि बाकीच्यांना लाथा मारतो. गाणं बंद झालं माझं. भुई निजली, असं कोणत्या तोंडानं म्हणू? रोज दुपारी मी भिंतीला पाठ लावून बसायचे, जणू माझ्या पाठीनं ती थांबणार होती.

चोविसाव्या दिवशी उत्तर आलं. मी दारात उभी राहून वाचलं.

'संदर्भीय अर्जान्वये धक्क्याची समक्ष पाहणी करण्यात आली. धक्क्याच्या भिंतीस तडा आढळून आला नाही. धक्का सुस्थितीत आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

मी दोनदा वाचलं. समक्ष पाहणी? कोण आलं होतं? कधी? चंद्रकांतामावशीनं शपथ घेतली की कुणीही आलं नाही. "आणि धक्क्याची पाहणी कशी करतात ओ? तो तर होऊन गेला."

याचं कोडं दुसऱ्याच दिवशी उलगडलं. एक पिकल्या मिशांचा माणूस, अर्धी चड्डी, डोक्याला टोपी, अंगाला सुक्या बोंबलाचा वास, स्कूटर लावून थेट दारात आला.

"तुमीच काय ती विनयाबाय? धक्क्यावाली?"

"कोण आपण?"

"मी काशीराम. खाडीकडच्या कोळीवाड्यातला. मला एवडंच सांगा, तुमाला आमच्या धक्क्याचा अर्ज कराला कोनी सांगितला?"

"तुमचा कुठला धक्का?"

"आमचा धक्का! होड्या लागतात तो! सा वरसं मी लिवतोय, दोन पायऱ्या गेल्या, सळया बाहेर आल्या, माझ्या बायकोचा पाय मोडला तिथं, टोपलीसकट पडली. सा वरसात कुत्रं आलं नाय बघायला. आनि परवा गाडी येते, दोघं उतरतात, भिंतीवर हात फिरवतात, बोलतात, तडा कुठंय? मी बोललो, तडा नाय साहेब, पायऱ्या बघा, पायऱ्या! ते बोलले, अर्जात पायऱ्या नाय, अर्जात भिंतीचा तडा हाय, आनि भिंत चांगली हाय. आनि काल मला कागद." त्यानं खिशातून घडी काढून माझ्यापुढं नाचवली. "धक्का सुस्थितीत असल्याचा अहवाल आला म्हनून माझापन अर्ज बंद! तुमच्या एका अर्जानं माझी सा वरसं पान्यात!"

मी माझा कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, ओठ हलवत, सावकाश. मग तो आत आला. भिंतीजवळ गेला. रेघ वरून खाली बघितली. मग माझ्याकडं वळला.

"भूकंप झाला होता व्हय?"

"हो."

"मग भूकंप का नाय लिवला, बाय?"

डोळ्यांत पाणी आलं, ते रडण्याचं नव्हतं. मी म्हटलं, "काका, तुमची स्कूटर दोघांना ओढेल?"

"टोपल्या ओढते. तुमाला काय झालंय."

कचेरीत खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि त्यांना हसू फुटलं. "अय्या! धक्का म्हणजे तो धक्का नाही? हा धक्का!" त्यांनी शेजारच्या टेबलाला सांगितलं. ते टेबल हसलं. मग पुढचं. हसू टेबलाटेबलावरून गेलं, जसा तो धक्का गेला असेल गावागावातून. मी उभीच. काशीरामकाकाही उभे.

"झालं हसून?" ते म्हणाले. "आता सांगा, कोनाकडं जायचं."

सुमेध नावाचे एक इंजिनियर होते. तरुण, शर्ट नीट इस्त्रीचा, बोलणं मऊ. खुर्ची दिली, पाणी दिलं. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मोबाईल काढला, तारीख शोधली, आकडा दाखवला.

"मॅडम, हे बघा. एवढ्या तीव्रतेनं बांधकामाला काही होत नाही. हा इतका कमी असतो की झोपलेला माणूस जागासुद्धा होत नाही." मग सहज, पेन उघडत, "मुलं तेव्हा काय करत होती?"

"निजली होती."

"उठली?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"उठली का, मॅडम?"

"नाही."

"बघा," ते म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं. मी उलटं वाचलं: 'बालके झोपलेली होती. कोणीही जागे झाले नाही.'

तेव्हा माझ्या कानात घुं झालं. ते भुईचं नव्हतं, माझंच होतं. पोट भरलं म्हणून निजली होती माझी पोरं. मी गाणं म्हटलं म्हणून निजली होती. त्यांची आई वाडीवर वाकलेली, माझ्यावर भरवसा टाकून गेलेली, म्हणून निजली होती. आणि त्यांची ती झोप या माणसानं साक्षीला उभी केली. माझ्याविरुद्ध. त्यांच्याच विरुद्ध.

"साहेब," काशीरामकाका म्हणाले, "माझी बायको भरतीच्या वक्ताला घोरते. म्हनून काय भरती येत नाय?"

"काका, तुम्ही मधे बोलू नका. तुमचा विभाग वेगळा आहे."

"माझा विभाग तुमीच आनला मधे! मी आनला काय?"

"तुम्ही या," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "आकडा नका दाखवू. खोलीत या. उद्या. बारा चाळीसला. नाही आलात तर सतरा पोरं आणि सतरा सतरंज्या घेऊन मी इथं येते, आणि या टेबलाखाली निजवते. इथली भिंत सुस्थितीत आहे ना? मग ती इथं निजतील."

मऊ माणूस तो. घाबरला की लाजला, मला माहीत नाही. "येतो," म्हणाला.

आणि आला. मोटारसायकलवर, उन्हात, घाम पुसत. काशीरामकाका आधीच येऊन पायरीवर बसले होते. रिटाबायसुद्धा आली होती, हात कमरेवर ठेवून. पोरं नुकतीच आडवी झाली होती. सुमेधसाहेब पायातले बूट काढून, पोरांमधून पाय टाकत टाकत मागच्या भिंतीशी गेले. रेघेत पेन घातलं. थोडं गेलं. बोटानं ठोकलं, कान लावला.

"प्लास्टर सुटलंय, मॅडम. आत वीट ठीक वाटते. भरून घ्या, रंग मारा. 'धोकादायक' असं मी यावर लिहू शकत नाही."

"वाटते?" मी म्हटलं.

"म्हणजे, दिसते तरी ठीक."

"कुठून दिसते?"

"मॅडम, मी इथंच उभा आहे ना."

"ती उभी नसतात," मी म्हटलं. भिंतीशेजारच्या एका सतरंजीवरचं पोर उचलून मी रिटाबायच्या हातात दिलं आणि ती सतरंजी झटकली. "ती निजतात. निजा साहेब. डोकं इकडं. इथं पाच डोकी असतात रोज, सव्वीस दिवस झाले. धोका नाही ना? मग पाच मिनिटं निजा. तुम्ही म्हणाल तर गाणंसुद्धा म्हणते."

ते हसले. कुणी हसलं नाही म्हणून थांबले. चंद्रकांतामावशीनं दारात पातेलं खाली ठेवलं तेवढा आवाज झाला.

"अहो, असं कसं..."

"निजा हो साहेब," काशीरामकाका म्हणाले. "आमी नाय हालवत."

ते आधी बसले. पँटची इस्त्री सांभाळत. मग, मला वाटतं केवळ आम्हाला गप्प करायला, ते पाठीवर आडवे झाले. पोरांच्या सतरंजीत माणूस मावत नाही. पाय बाहेर आले, डोकं भिंतीला टेकलं. हात छातीवर. त्यांनी वर बघितलं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आधी ते नुसतं ओशाळलेलं होतं. मग डोळे बारीक झाले. मग मोठे. मग ते इतके स्थिर झाले की मला भीती वाटली.

खिडकीवरच्या माळ्याच्या कडेला मी पंधरा ऑगस्टला कागदी झालर लावली होती. तिरंगी, हातानं कापलेली. उभ्या माणसाला झालर दिसते. तिच्या मागं, माळा जिथं भिंतीत शिरतो तिथं काय आहे, ते फक्त खाली भिंतीला डोकं लावून निजलेल्याला दिसतं.

"मॅडम," ते म्हणाले, अगदी हळू. "वर किती पोती आहेत?"

"चार. दोन चण्याची, एक डाळीची, एक गव्हाची."

"माळा भिंतीतून सुटलाय. बाहेरचा उजेड दिसतोय."

आणि तेव्हा त्यांच्या शेजारच्या सतरंजीवरून आवाज आला. शेल्डन. टक्क जागा. कधीपासून जागा होता, कोण जाणे.

"तो उजेड नाय," त्यानं साहेबांना समजावलं. "ती चांदनी हाय. मी रोज बघतो. मग झोपतो."

साहेब उठले. उठले म्हणजे कसे, हातापायांवर सरकत आधी शेल्डनवर वाकले, त्याच्या आणि माळ्याच्या मधे आपली पाठ आली, आणि तसेच राहिले. "काढा," ते म्हणाले. "पोरं काढा. कागद नंतर. आधी पोरं. आवाज न करता, धावू नका, एकेक."

रिटाबायनं दोन उचलली, हातातलं कडेवर, दुसरं खांद्यावर. चंद्रकांतामावशीनं दोन. काशीरामकाकांनी मासळीच्या टोपलीसारखी दोन्ही हातांवर तिघं आडवी घेतली आणि वर "श्श" करत निघाले. सुमेधसाहेबांचा शर्ट पाठीवर चुन्यानं पांढरा झाला होता. त्यांनीही एक उचललं. त्यांना धरता येत नव्हतं, पोराची मान मागं लोंबत होती, मी जाता जाता त्यांचा हात त्या मानेखाली सरकवला. उरलेली दुसऱ्या फेरीत नेली. पोरं उठली नाहीत. गल्लीतून, उन्हातून, कुंपण ओलांडून रिटाबायच्या ओटीवर गेली आणि तिथंही निजूनच राहिली. एवढी चांगली निजणारी पोरं. किती जणांच्या सोयीची.

मी पहिल्या फेरीत शेल्डनला उचललं. चार वर्षांचा, पण दगडासारखा जड. त्याला खाली उतरायचं होतं. तो खांद्यावरून मागं वळून खोलीकडं बघत होता.

"टीचर, आजीच्या ओटीवरून चांदनी दिसते?"

सव्वीस दिवस मी भिंतीला पाठ लावून बसले होते. एकदाही मी पोरांच्या शेजारी आडवी झाले नाही. एकदाही विचारलं नाही की बाळा, निजताना तुला काय दिसतं. अर्ज केला, आकडे ऐकले, शब्द खोडले, कचेरीत ओरडले. आणि जे सांगणार होतं ते माझ्या डाव्या हाताशी निजत होतं. हसणाऱ्या टेबलांचा राग, त्या मऊ माणसाचा राग, हरेश्वरभाऊंच्या खाटेचा राग, आणि या सगळ्यांच्या तळाला बसलेला हा एक. कुणावर काढू ते कळेना. केळीच्या पानांतून ऊन खाली पडत होतं आणि मला ते सगळं भोकांसारखं दिसत होतं. खिशात फोन वाजत होता. सुपरवायझर बाई असणार. मी चालत राहिले.

"टीचर," शेल्डन म्हणाला. "टीचर, दुखतंय."

मी हात सैल केले.